सिंगल पोर्ट रोबो आणि गुदाशयाचा कर्करोग : पारख कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे : विभागात सिंगल पोर्ट रोबो येणार आहे. नेहमीच्या चार हातांच्या रोबोवर गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तिथे नियमित होतात. आता त्याच शस्त्रक्रिया एका छिद्रातून करायच्या आहेत, पण आधी तंत्र नीट पारखून. ही पारख कशी करावी, कोणत्या रुग्णांपासून सुरुवात करावी आणि किती शस्त्रक्रियांनंतर तंत्र सुरक्षित आहे असं म्हणता येईल?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. एकट्या विभागाला फक्त स्वतःच्या आकड्यांच्या बळावर ‘सुरक्षित आहे’ असं म्हणता येणार नाही. ‘उघडउघड घातक दिसत नाही’ इतकंच म्हणता येईल. गणित साधं आहे. एखादी घटना एकदाही घडली नाही, तर ३ ला रुग्णांच्या संख्येने भागायचं. त्या घटनेच्या खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. ३० शस्त्रक्रिया केल्या आणि एकाही नमुन्याचा (काढलेल्या भागाचा) कडेचा मार्जिन बाधित निघाला नाही, म्हणजे कापलेल्या कडेपाशी कर्करोग आढळला नाही, तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. चीनमधल्या ११ रुग्णालयांत झालेल्या ‘रिअल’ चाचणीत नेहमीचा रोबो आणि दुर्बिणीची (लॅपरोस्कोपिक) शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. कडेचा मार्जिन बाधित असण्याचं प्रमाण रोबोत ४.० टक्के आणि दुर्बिणीत ७.२ टक्के आलं. हा फरक दिसायला अकराशेहून जास्त रुग्ण लागले. त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस शस्त्रक्रिया छान झाल्या म्हणून कुणी विभागात पेढे वाटायला निघालं, तर त्यांना हा भागाकार दाखवा.

मग विभागाच्या पातळीवर चाचणी घ्यायचीच कशाला? कारण मोठी चूक लवकर पकडता येते, तंत्राचे टप्पे पक्के करता येतात, आणि पुढे होणाऱ्या बहुकेंद्री चाचणीला वापरता येईल अशी स्वच्छ माहिती जमते. हे तिन्ही मोलाचं आहे. शस्त्रक्रियेतल्या नव्या गोष्टी कशा पुढे न्याव्यात यासाठी ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजातल्या बैठकांमधून ‘आयडियल’ नावाची चौकट तयार झाली आणि २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. कल्पना, विकास, चाचपणी, मूल्यमापन आणि दीर्घकालीन पाठपुरावा असे तिचे टप्पे आहेत. तुमचा विभाग विकास आणि चाचपणी यांच्या मध्ये असेल. तिथे राहून मूल्यमापनाची भाषा बोलू नये.

आता, पारखायचं काय? माझा आग्रह आहे की पहिल्या शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवा. मी तो असा लिहीन : पेल्व्हिसच्या (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीच्या) तळाशी, शेवटच्या पाच सेंटिमीटरमध्ये, मेसोरेक्टमचं, म्हणजे गुदाशयाभोवतीच्या चरबी आणि लसिका गाठींच्या वेष्टनाचं, आवरण सिंगल पोर्टने तितकंच अखंड राहतं का, जितकं आपल्याच हातून चार हातांच्या रोबोने राहतं? पोटावरचे व्रण, वेदना, रुग्णालयातला मुक्काम हे सगळं मोजाच, पण या वाक्याच्या खाली. बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली मेसोरेक्टम संपूर्ण काढण्याचा विचार मांडला. लीड्सच्या फिल क्वर्क यांनी १९८६ साली नमुन्याचे आडवे काप घेऊन दाखवलं की रोग त्याच जागी परत येण्याचा कडेच्या मार्जिनशी किती घट्ट संबंध आहे. पुढे मोठा छेद गेला, दुर्बीण आली, रोबो आला. कसोटी मात्र तीच राहिली, आणि सिंगल पोर्टलाही तिच्यातून सूट नाही.

यंत्राबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण कुठे अडेल हे त्याच्या रचनेवरूनच कळतं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दा विंची एसपी (सिंगल पोर्ट) हा रोबो असतो. २०१८ साली अमेरिकेत त्याला मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियांसाठी मंजुरी मिळाली. मोठ्या आतड्यासाठीची तिथली परवानगी त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. दक्षिण कोरियात मात्र आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी तो लवकर वापरात आला आणि प्रकाशित अनुभवाचा मोठा वाटा तिथलाच आहे. २.५ सेंटिमीटर व्यासाच्या एका कॅन्युलातून (नळीतून) त्रिमिती कॅमेरा आणि ६ मिलिमीटरची तीन हत्यारं आत जातात. प्रत्येक हत्याराला मनगटाबरोबर कोपरही आहे, आणि कॅमेराही वळतो. जुन्या सिंगल पोर्ट दुर्बिणीत हत्यारं एकमेकांवर आपटायची, सर्जनला हात उलटे धरावे लागायचे. नंतर वाकड्या कॅन्युलांचा सिंगल साइट रोबो आला, पण त्याच्या बहुतेक हत्यारांना मनगट नव्हतं. पित्ताशयाला ते चाललं, गुदाशयाला पुरलं नाही. एसपीच्या कोपराने ही जुनी अडचण बरीचशी सोडवली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण कोपर उघडायला जागा लागते. कॅन्युलाच्या टोकापासून साधारण १० सेंटिमीटर पुढे काम असलं, तरच हत्यारं फाकून त्रिकोणात उभी राहतात. म्हणून कॅन्युला पोटाच्या भिंतीत खोल न घालता छेदावर बसवलेल्या अ‍ॅक्सेस पोर्टच्या पारदर्शक पिशवीत, पोटाबाहेर तरंगता ठेवतात. दुसऱ्या बाजूला पोहोचही मर्यादित आहे, जास्तीत जास्त २४ सेंटिमीटर. बेंबीतून शिरून उंच पुरुषाच्या पेल्व्हिक फ्लोअरपर्यंत (पेल्व्हिसच्या तळाच्या स्नायूंपर्यंत) जायचं असेल, तर तरंगत्या कॅन्युलाने सुरुवातीला दिलेली सोय शेवटी अंगावर येते. माझी सूचना : प्रत्येक रुग्णाच्या सीटीच्या उभ्या कापावर बेंबीपासून पेल्व्हिक फ्लोअरपर्यंतचं अंतर मोजून नोंदवा, आणि शस्त्रक्रियेत पोहोच कमी पडली का हेही समोर लिहा. पोट फुगवल्यावर अंतर वाढतं, हे लक्षात ठेवा. काही महिन्यांत तुमच्याच नोंदींवरून कळेल की कोणाला बेंबीचा मार्ग चालतो आणि कोणाला उजव्या खालच्या कोपऱ्यातला, जिथे पुढे स्टोमा (पोटावरचं शौचाचं तोंड) काढायचा असतो.

खरी चिंता आहे ती ताणाची. मेसोरेक्टमभोवतीचा पदर ओढ आणि प्रतिओढ असेल तरच उघडतो. चादर ताठ धरायला दोघांनी समोरासमोरच्या टोकांना उभं राहावं लागतं. दोघं एकाच टोकाला उभे राहिले तर कितीही ओढा, मधली चादर सैलच राहते. एसपीची तिन्ही हत्यारं एकाच तोंडातून येतात. कोपरांमुळे ती थोडी फाकतात, पण चार वेगळ्या छिद्रांतून येणाऱ्या हातांइतकी नाही. त्यात ६ मिलिमीटरच्या हत्यारांची पकड आणि ओढण्याची ताकद ८ मिलिमीटरच्या हत्यारांपेक्षा कमी. सडपातळ रुग्णात हे जाणवतही नाही. जाड, चरबीने भरलेला मेसोरेक्टम, अरुंद पेल्व्हिस आणि किरणोपचारानंतर चिकटलेले पदर असे तिन्ही एकत्र आले, की ते जाणवतं. मग सर्जनच्या नकळत हात गुदाशयाच्या भिंतीकडे सरकतो. ज्याला आपण कोनिंग म्हणतो, ते याच कारणाने होतं. पदर दिसत नाही, कारण ताण नाही; आणि ताण नाही म्हणून माणूस जिथे सहज कापलं जातं तिथे कापतो. पुढच्या बाजूला डेनोनव्हिलिएच्या आवरणापाशी (गुदाशय आणि पुढच्या अवयवांमधल्या पडद्यापाशी) आणि दोन्ही बाजूंना पेल्व्हिक प्लेक्ससपाशी (नसांच्या जाळ्यापाशी) त्याची किंमत वेगळी पडते. तिथे कर्करोगाच्या मार्जिनइतकाच लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसांचा प्रश्न असतो.

म्हणून सहायकाचा एक पोर्ट (वेगळं छिद्र) पहिल्या दिवसापासून घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरियातही ‘एसपी अधिक एक’ ही पद्धत रुळली आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात १२ मिलिमीटरचा पोर्ट. त्यातून सक्शन, क्लिप, स्टेपलर आणि गरज पडली तर गुदाशय वर ओढून धरणारा ग्रास्पर (चिमटा). शेवटी त्याच जागेतून ड्रेन निघतो. निव्वळ एका छिद्राचा अट्टहास चाचणीच्या काळात करू नये. सॅक्रमसमोरच्या (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडासमोरच्या) शिरांमधून रक्त यायला लागलं, तर दाब देणारा हात आणि सक्शन काही सेकंदांत तिथे पोहोचायला हवं. तेव्हा पोर्ट घालायला जागा शोधत बसणं परवडत नाही. रोबो बाजूला काढून पोट उघडायची तालीम संपूर्ण टीमने रंगीत तालमीसारखी, रुग्ण टेबलावर नसताना, घड्याळ लावून करावी. नर्स आणि भूलतज्ज्ञांसकट.

स्टेपलर, म्हणजे आतडं पिनांनी बंद करून कापणारं हत्यार, हा दुसरा अडथळा. या प्रणालीचा सुरुवातीचा बराच काळ तिच्यासाठी स्वतःचा स्टेपलर नव्हता, आणि अनेक विभाग आजही सहायकाच्या पोर्टमधून दुर्बिणीचा स्टेपलर वापरतात. तळाशी त्याचा कोन जेमतेम जुळतो आणि मग एका काटकोनी छेदाऐवजी दोन-तीन तिरके फायर होतात, म्हणजे स्टेपलर तितक्या वेळा चालवावा लागतो. दोनपेक्षा जास्त फायर झाले की आतड्याचा जोड गळण्याची शक्यता वाढते, हे अनेक मालिकांमधून दिसलं आहे. म्हणून फायरची संख्या हा तुमच्या तक्त्यातला स्वतंत्र रकाना हवा. खूप खालच्या गाठीसाठी गुदद्वारातून पाहून गुदाशय कापायचा आणि एकेरी स्टेपल जोड करायचा, किंवा हाताने कोलोएनल जोड (मोठ्या आतड्याचा गुदद्वाराशी) शिवायचा, हे पर्याय सिंगल पोर्टबरोबर चांगले जुळतात. स्टेपलरची अडचण टाळता येते आणि नमुनाही काही वेळा खालून काढता येतो. रक्तपुरवठा पाहायला इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग उपलब्ध असेल, तर दोन्ही गटांत सारखंच वापरा. एका गटात वापरून दुसऱ्यात न वापरल्यास तुलना तिथेच बिघडते.

रुग्णांआधी मृतदेहावरचा सराव. हाँगकाँग आणि फिलाडेल्फियातल्या सर्जनांनी गुदाशयासाठी सिंगल पोर्ट रोबो आधी असाच तपासला. तिथे पोर्टची जागा, पोहोच, मोठ्या आतड्याचा प्लीहेजवळचा कोपरा आणि पेल्व्हिस या दोन्हींसाठी यंत्र पुन्हा वळवावं लागतं का, सहायक कुठे बसतो, हे सगळं शिकता येतं. रक्तस्राव, किरणोपचारानंतरची सूज आणि ताणाचा खरा अंदाज तिथे मिळत नाही. मृतदेहातली सफाई पाहून आत्मविश्वास चढतो, तो अर्धाच खरा धरावा.

रुग्णांची निवड हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो, कारण इथे दोन रास्त गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. सुरुवात सोप्या रुग्णांपासून करणं हे नैतिकदृष्ट्या बरोबर आहे. आधी सिग्मॉइडच्या (गुदाशयाच्या लगेच वरच्या आतड्याच्या) किंवा उजव्या बाजूच्या आतड्याच्या काही शस्त्रक्रिया, मग गुदाशयाच्या वरच्या भागातली गाठ, शक्यतो रुंद पेल्व्हिस, कमी बीएमआय, एमआरआयवर मेसोरेक्टल फॅशिया (मेसोरेक्टमचं आवरण) रोगापासून स्पष्ट मोकळा. पेल्व्हिसच्या बाजूच्या लसिका गाठी काढायची गरज असलेले, शेजारच्या अवयवात घुसलेले, आतडं अडलेले रुग्ण या टप्प्यात नकोत. पण याच निवडीतून जमलेले आकडे खालच्या गाठीच्या, किरणोपचार झालेल्या पुरुषाबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि सिंगल पोर्टची जाहिरात तर अरुंद जागेतल्या उपयोगावरच चालते. त्यामुळे टप्पे आधीच ठरवून लिहा : कोणत्या गटाचे किती रुग्ण झाले आणि त्यांचे नमुने कसे आले, की मग पुढच्या गटाकडे जायचं. प्रत्येक टप्प्याचे निष्कर्ष वेगळे मांडा. सगळ्यांची एक सरासरी काढली की सोपे रुग्ण अवघड रुग्णांचे दोष झाकतात. शिवाय निकषात बसूनही सिंगल पोर्टसाठी न निवडलेल्या रुग्णांचीही यादी ठेवा, कारणासकट. निवडीतला कल त्या यादीतून दिसतो.

तुलना कोणाशी करायची याबद्दल मला जराही तडजोड मान्य नाही. नेहमीच्या चार हातांच्या रोबोशीच करायची. ‘रिअल’ चाचणीत तीन वर्षांनंतर स्थानिक पुनरुद्भव (रोग त्याच भागात परत येणं) रोबोत १.६ टक्के आणि दुर्बिणीत ४.० टक्के आला, म्हणजे रोबोचा स्वतःचा काही फायदा दिसतो आहे. याआधी २०१७ साली आलेल्या ‘रोलार’ चाचणीत, १० देशांतल्या ४७१ रुग्णांमध्ये, मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोने लक्षणीय कमी झालं नव्हतं, रोबोत ८.१ टक्के विरुद्ध दुर्बिणीत १२.२ टक्के. तुम्ही सिंगल पोर्टची तुलना दुर्बिणीशी किंवा मोठ्या छेदाशी केलीत, तर जे श्रेय रोबोचं आहे ते एका छिद्राच्या खात्यावर जमा होईल. एका छिद्रामुळे नेमकं काय मिळालं आणि काय गेलं, हे समजायचं असेल तर बाकी सगळं सारखं हवं : सर्जन तोच, भूल तीच, वेदनाशामकांचा आराखडा तोच, घरी सोडण्याचे निकष तेच.

‘कन्व्हर्जन’ची, म्हणजे मध्येच तंत्र बदलण्याची, व्याख्याही आधीच बांधून घ्या. सहायकाच्या ठरलेल्या एका पोर्टऐवजी दोन घातले, एसपी सोडून चार हातांवर गेलो, दुर्बिणीवर गेलो, पोट उघडलं, या चार वेगळ्या घटना आहेत आणि चारही नोंदवायच्या. ज्याची शस्त्रक्रिया सिंगल पोर्टने सुरू झाली तो रुग्ण शेवटपर्यंत सिंगल पोर्टच्याच गटात मोजायचा, कशानेही संपली तरी. अवघड रुग्ण मधल्यामध्ये दुसऱ्या गटात सरकवले, तर उरलेला गट आपोआप देखणा दिसतो.

काढलेला नमुना तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना या कामात पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. नमुना ताजा असतानाच समोरून आणि मागून फोटो, शाई लावणं, फिक्स झाल्यावर ३ ते ५ मिलिमीटरचे आडवे काप आणि त्यांचेही फोटो. मेसोरेक्टम संपूर्ण, जवळजवळ संपूर्ण की अपूर्ण ही श्रेणी आणि कडेचा मार्जिन मिलिमीटरमध्ये. १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे बाधित. कोणत्या तंत्राने काढलाय हे श्रेणी देणाऱ्याला माहीत नसावं. शस्त्रक्रियेचं संपूर्ण, न कापलेलं चित्रण ठेवा आणि विभागाबाहेरच्या अनुभवी सर्जनकडून तपासून घ्या. अपूर्ण श्रेणीचा नमुना आला, की त्याच आठवड्यात पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून चित्रण पाहा. मेसोरेक्टममध्ये खाच पडली ती नेमकी कोणत्या क्षणी, तेव्हा तिसरं हत्यार कुठे होतं, ताण कुठून येत होता. तंत्र सुधारण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

नमुन्यावर किती विसंबायचं, याबद्दल इथे एक इशारा दोन्ही बाजूंनी द्यायचा आहे. २०१५ साली अमेरिकेतली ‘झेड ६०५१’ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली ‘अलाकार्ट’ या चाचण्या आल्या. नमुन्यावर आधारित एकत्रित निकषात दुर्बीण मोठ्या छेदाच्या तोडीची असल्याचं त्यांत सिद्ध झालं नाही. यशस्वी नमुना पहिल्या चाचणीत दुर्बिणीने ८१.७ विरुद्ध मोठ्या छेदाने ८६.९ टक्के, दुसरीत ८२ विरुद्ध ८९ टक्के. बरीच चिंता पसरली. पण पुढच्या पाठपुराव्यात रोगमुक्त जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट उदाहरण नॉर्वेचं. गुदद्वारातून मेसोरेक्टम काढण्याचं तंत्र, टाटीएमई, सुरुवातीच्या मालिकांमध्ये छान दिसत होतं, नमुनेही चांगले होते. नॉर्वेत मात्र पेल्व्हिसमध्ये ठिकठिकाणी, विखुरलेल्या स्वरूपात रोग परत येताना दिसला आणि ते तंत्र देशभर थांबवण्यात आलं. १५७ रुग्णांपैकी १२ जणांत स्थानिक पुनरुद्भव, २.४ वर्षांच्या टप्प्यावर अंदाजे ११.६ टक्के, तर राष्ट्रीय नोंदणीत २.४ टक्के. नमुना हा आज हातात असलेला सर्वांत चांगला साक्षीदार आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. गाठीखाली गुदाशय बंद करणारा टाका, पर्सस्ट्रिंग, सैल राहून पेशी सांडल्या, तर नमुन्यावर ते दिसत नाही. किमान तीन वर्षं, ठरलेल्या अंतराने पेल्व्हिसची तपासणी हवीच.

टाटीएमईचा विषय निघालाच आहे, तर खालच्या मार्गाबद्दल. माझ्या मते सिंगल पोर्ट रोबोचा सर्वांत खरा उपयोग कदाचित तिथेच ठरेल. गुदद्वाराच्या जागेत चार हातांच्या रोबोची हत्यारं अडचणीनेच मावतात, २.५ सेंटिमीटरची एक नळी मावते. लवकरच्या टप्प्यातली गाठ आतून पूर्ण जाडीने काढून भिंत शिवायची असेल, तर कोपर-मनगटाची हत्यारं आणि स्थिर कॅमेरा ही मोठीच सोय आहे. पण संपूर्ण मेसोरेक्टम खालून काढायचा विचार असेल, तर टाटीएमईचे सगळे धडे जसेच्या तसे लागू होतात : पुरुषांमध्ये मूत्रमार्गाला इजा, कार्बन डायऑक्साइड शिरांमध्ये शिरण्याचा धोका, पर्सस्ट्रिंग फसणं. रोबो आला म्हणून शरीररचना बदललेली नाही. वरचा आणि खालचा मार्ग ही दोन वेगळी तंत्रं समजा, वेगळ्या प्रोटोकॉलमध्ये तपासा, आणि खालच्या मार्गाला हात घालण्याआधी टीममध्ये टाटीएमईचा खरा अनुभव असलेलं कुणीतरी हवं.

आता व्रण आणि वेदना, ज्यांच्यासाठी बरेच रुग्ण विचारत येतात. नमुना काढायला कुठेतरी छेद लागतोच, त्यामुळे तीच जागा प्रवेशालाही वापरली तर ८ मिलिमीटरची दोन-तीन छिद्रं वाचतात. फायदा आहे, पण त्याचं मोजमाप प्रामाणिकपणे करा. एका छिद्रातून पित्ताशय काढण्याच्या २०० रुग्णांच्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडलेल्या) चाचणीत, जी २०१३ साली प्रसिद्ध झाली, व्रणाचं समाधान जास्त होतं. मात्र वर्षभरानंतर हर्निया ८.४ टक्के निघाला, नेहमीच्या चार छिद्रांत १.२ टक्के. बेंबीतला छेद गुदाशयाच्या नमुन्यासाठी आणखी ताणला जातो. म्हणून वर्षभराने दोन्ही गटांत सीटीवर हर्निया शोधा. रुग्णाने तक्रार केली तरच पाहायचं, असं नको. कर्करोगाच्या पाठपुराव्यात सीटी होणारच असतो, फक्त तो या नजरेनेही वाचला जायला हवा. वेदना मोजताना पहिले दोन दिवस दोन्ही गटांत पोटावर सारख्याच, अपारदर्शक पट्ट्या लावा, म्हणजे रुग्णाला आणि नोंद करणाऱ्या नर्सला तंत्र कळणार नाही. ‘मला नवीन रोबोने केलंय’ हे कळलं, की वेदनेचा आकडा खाली येऊ शकतो.

रुग्णाच्या रोजच्या जगण्याशी निगडित निकष बऱ्याच मालिकांत शेवटच्या तक्त्यात कोंबलेले असतात किंवा नसतातच. ते वर आणा. जोड गळणं ३० दिवसांवर न थांबता ९० दिवसांपर्यंत, श्रेणीसह. वर्षभराने स्टोमा अजून आहे का. शौचावरचं नियंत्रण लार्स गुणांकाने (गुदाशय काढल्यानंतरच्या शौचाच्या त्रासाच्या प्रश्नावलीने), ज्यात ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र त्रास. लघवी आणि लैंगिक क्रिया शस्त्रक्रियेआधी विचारून ठेवा, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. स्त्रियांनाही विचारा, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सर्रास गाळला जातो.

शिकण्याचा काळ क्यूसम आलेखाने पाहतात. अपेक्षेपेक्षा किती कमी-जास्त, याची बेरीज एकेका शस्त्रक्रियेनंतर पुढे नेत जायची. बहुतेक जण हा आलेख वेळेचा काढतात, कारण वेळ मोजायला सोपा. पण वेळ कमी होणं म्हणजे दर्जा वाढणं नव्हे. मार्जिन, गळती आणि मोठी गुंतागुंत यांचाही, रुग्णाच्या जोखमीनुसार दुरुस्त केलेला आलेख ठेवा. सुरुवातीला एकाच सर्जनने आणि रुग्णाशेजारी उभ्या राहणाऱ्या एकाच टेबलसाइड सहायकाने काम करावं. चौघांत विभागलं, तर प्रत्येक जण आपापल्या शिकण्याच्या वक्राच्या चढावरच राहतो आणि भार रुग्णांवर पडतो.

थांबण्याची अट पहिल्या रुग्णाआधी लिहिलेली असावी आणि ती अमलात आणणारा माणूस ऑपरेशन करणाऱ्यांपैकी नसावा. मी अशी ठेवीन : एमआरआयने मार्जिन मोकळा सांगितलेला असताना पहिल्या २० मध्ये दोन बाधित निघाले, किंवा तीन नमुने अपूर्ण आले, किंवा मूत्रमार्ग, मूत्रवाहिनी वा मोठ्या रक्तवाहिनीला एकही इजा झाली, तर थांबायचं. चित्रण बाहेरच्या तज्ज्ञांनी पाहायचं आणि त्यांच्या लेखी मतानंतरच पुढचा रुग्ण घ्यायचा. अशी अट नसली की प्रत्येक वाईट निकालाला एक पटणारं कारण सापडतं. रुग्ण जाड होता, किरणोपचार जास्त झाले होते, त्या दिवशी सहायक नवा होता.

संमतीपत्राचा मजकूर साधा ठेवा. हे तंत्र या रोगासाठी अजून तपासलं जातंय. नेहमीच्या रोबोने तीच शस्त्रक्रिया इथेच होऊ शकते. सर्जनने सिंगल पोर्टने आजवर किती केल्या आहेत. गरज पडली तर आणखी पोर्ट घालू किंवा पोट उघडू. सर्जनचे वा विभागाचे कंपनीशी प्रशिक्षणाचे, मानधनाचे काही संबंध आहेत का. ‘कमी व्रण’ हे वाक्य या सगळ्यानंतर यावं. कर्करोगाचं निदान नुकतंच ऐकलेला माणूस नवीन यंत्राच्या नावाने हुरळून जातो, आणि त्याला नेहमीचा पर्याय खऱ्या अर्थाने खुला ठेवणं आपलं काम आहे. नाही म्हणणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार नाही, हेही त्याच पानावर लिहा.

अभ्यासाची नोंदणी पहिल्या रुग्णाआधी सार्वजनिक नोंदवहीत करा आणि सगळे रुग्ण ओळीने, एकही न वगळता मांडा, अर्धवट सोडलेल्या शस्त्रक्रियांसकट. दुसऱ्या दोन-तीन केंद्रांशी आत्ताच बोलून रकाने आणि व्याख्या सारख्या करून घेतल्यात, तर दोन वर्षांनी तुमचे रुग्ण एकत्र मोजता येतील आणि नेहमीच्या रोबोशी यादृच्छिक तुलना करायला लागणारी संख्या आवाक्यात येईल. पाठपुराव्यासाठी पगारी समन्वयक नेमा. निवासी डॉक्टरांच्या बदल्या होतात, आणि तीन वर्षांनंतरचा एमआरआय कुणी मागवायचा हे कुणालाच माहीत नसतं. निधी कमी असेल तर रुग्णसंख्या कमी ठेवा, पण हे पद गाळू नका.